लहान मुलांचा रिव्हर्स वॉकर: आठ महिने वापरल्यावर

मुलगा सहा वर्षांचा. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा राहत नाही) आहे, दोन्ही पाय कडक. आधी मेडिकलमधून नेहमीचा, पुढे ढकलायचा वॉकर आणला होता. तो पुढे पळायचा आणि पोरगं मागे गुडघ्यात वाकून लोंबकळायचं. थेरपिस्ट ताईंनी हा सुचवला. याची चौकट पाठीमागे असते, मूल ती ओढत चालतं, त्यामुळे वाकायला पुढे काही उरतच नाही. पाठ सरळ राहते.

मी रबाळे एमआयडीसीत फिटर आहे, त्यामुळे आधी चाकं पाहिली. मागच्या चाकांना रॅचेट आहे, ती उलटी फिरत नाहीत. तोल मागे गेला तरी चौकट जागेवर थांबते. चालताना बारीक कटकट वाजतं. पहिले दहा दिवस तो नुसता उभा राहायचा. मग त्या आवाजाचीच गोडी लागली. "बाबा, वाजलं!" म्हणत एकेक पाऊल टाकायला लागला. आम्ही हात धरून ओढायचो, तेव्हा ताई म्हणाल्या, "हात सोडा, कमरेला दोन्हीकडून तळवे लावा. वजन एका पायावर गेलं की दुसरा मोकळा होतो." अगदी तसंच झालं. गेल्या महिन्यात दारापासून लिफ्टपर्यंत एकटा गेला, बटणही स्वतःच दाबलं. त्याच्या आईला रडू आवरेना.

तक्रार आहे ती साइजची. ऑनलाइन विक्रेत्याने नुसतं वय विचारून पाठवला, हँडल पार छातीपर्यंत! बदलून मिळेपर्यंत तीन आठवडे वाया गेले. वयावर जाऊ नका. बूट, स्प्लिंट (पायाला आधार देणारा साचा) घालून मुलाला उभं करा, हात खाली सोडून जमिनीपासून मनगटापर्यंत माप घ्या. हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलं पाहिजे.

चाकं लहान आहेत. इथे ऐरोलीत फुटपाथच्या पेव्हर ब्लॉकमध्ये अडकतात, म्हणून आम्ही पार्किंगच्या कोब्यावर चालवतो. बाथरूमच्या दारातून तर जातच नाही, आधी दार मोजा.

साडेसात हजार पडले. ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल आणि उत्पन्न मर्यादेत बसत असेल, तर दिव्यांगांना अशी साधनं मोफत किंवा सवलतीत देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेचीही चौकशी करा. आम्हाला उशिरा कळलं.

परवा वॉकरच्या पायांची उंची एक भोक वाढवली. अजून तीन शिल्लक आहेत.