पाहुण्यांची मुंबई, ७५ रुपयांत: लोकलच्या टुरिस्ट तिकिटाचा काही महिन्यांचा अनुभव

आमचं मूळ गाव कोल्हापूरकडचं, त्यामुळे मुलुंडच्या घरी पाहुण्यांची ये-जा कायम. त्यातली निम्मी मंडळी एकाच दिवसासाठी येतात. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरायचं, दिवसभर मुंबई बघायची आणि रात्री त्याच गाडीनं परत. पावसाळ्याआधीपासून या सगळ्यांना मी लोकलचं टुरिस्ट तिकीट काढून देतोय. असं तिकीट असतं हे मुंबईत जन्म काढलेल्यांनाही माहीत नसतं, कारण त्यांच्या खिशात पास असतो.

सेकंड क्लासचं एका दिवसाचं ७५ रुपये, तीन दिवसांचं ११५ आणि पाच दिवसांचं १३५. पश्चिम, मध्य, हार्बर, तिन्ही मार्गांवर हवं तिथे चढा, हवं तिथे उतरा. एसी लोकल यात बसत नाही, मेट्रोचं तिकीट वेगळं.

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात: पैसे वाचतात का? एका दिवसात नाही वाचत. लोकलचं भाडं मुळात पाच रुपयांपासून सुरू होतं. खाली सांगितलेली अख्खी फेरी सुटी तिकिटं काढून केली तरी ७५ च्या जवळपासही जाणार नाही. मग घ्यायचं कशाला? तर दिवसातून पाच-सहा वेळा खिडकीपुढे उभं राहायला नको म्हणून. अ‍ॅपवरून तिकीट निघतं, मान्य. पण बरोबर चार माणसं, त्यात एकाला चहा हवा, एकाला स्टेशनाबाहेरचं देऊळ दिसलं, आणि दरवेळी ‘कुठून-कुठे’ भरत बसायचं. टुरिस्ट तिकीट खिशात असलं की गाडीच्या खिडकीतून काही आवडलं तर पुढच्या स्टेशनला उतरता येतं. हा मोकळेपणा एका दिवसाच्या पाहुण्याला फार लागतो, कारण त्याच्याकडे ‘पुढच्या खेपेला बघू’ नसतं.

आता फेरी. ती ठरायला थोडा वेळ गेला, पण आता पक्की झाली आहे: सीएसएमटी ते चर्चगेट पायी, चर्चगेटहून पश्चिम रेल्वेनं दादर, दादरला पूल ओलांडून मध्य रेल्वे, भायखळ्यावरून परत सीएसएमटी. सकाळी सामान क्लोकरूममध्ये टाकायचं (बॅगेला कुलूप हवं, नाहीतर घेत नाहीत), ते रात्री तिथूनच उचलायचं.

सीएसएमटीत लोक उतरले की थेट बाहेर पळतात. मी त्यांना आधी लोकलच्या तिकीट खिडक्यांच्या दालनात नेतो. टुरिस्ट तिकीट तिथेच काढायचं आणि मान वर करायची: छतावर सोनेरी तारे. मग बाहेर रस्ता ओलांडून समोरून इमारत बघायची. फ्रेडरिक स्टीव्हन्सनं बांधलेली ही इमारत, २००४ पासून जागतिक वारसा यादीत. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह म्हणजे इंग्लंड, वाघ म्हणजे हिंदुस्थान. आमच्या मामांनी दोन्ही नीट न्याहाळले आणि म्हणाले, “सिंह झोपाळलाय बघ, वाघ बरा हाय.” भिंतींवर माकडं, मोर, सरडे कोरलेत. ते शोधण्यात लहान मुलांचा अर्धा तास आरामात जातो, आणि मोठ्यांना तेवढ्यात चहा मिळतो.

तिथून डी. एन. रोडच्या कमानींखालून हुतात्मा चौक. १८६४ चं फ्लोरा फाउंटन आणि शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक. आमच्याकडची वयस्क माणसं इथे आपोआप थांबतात, घाई करू नका. पुढे काळा घोडा आणि गेटवे. वस्तुसंग्रहालय पूर्ण बघायचं तर तिथेच दिवस जाईल. मी बाहेरून घुमट दाखवतो आणि पुढे सरकतो. काहींना हे पटत नाही, पण एका दिवसात काहीतरी सोडावंच लागतं. घारापुरीही सोडायची. लाँचचं जाणं-येणं धरून निम्मा दिवस जातो, आणि सोमवारी लेणी बंदच.

ओव्हल मैदानातून चर्चगेटला जाताना मात्र मधोमध उभं राहायचं. एका हाताला हायकोर्ट, राजाबाई टॉवर, विद्यापीठ, सगळं दगडी आणि टोकदार. दुसऱ्या हाताला गोल कोपऱ्यांच्या सज्जांच्या आर्ट डेको इमारती. २०१८ साली युनेस्कोनं दोन्ही मिळून यादीत घेतलं. मुंबईतली ही माझी सगळ्यात आवडती जागा आहे आणि तिला एक पैसा लागत नाही.

चर्चगेटहून स्लो गाडीच पकडायची, फास्ट चर्नी रोड आणि महालक्ष्मीला थांबत नाही. समुद्रात पाय घालायचे असतील तर चर्नी रोडला उतरून गिरगाव चौपाटी, नसतील तर थेट महालक्ष्मी. स्टेशनाबाहेरच्या पुलावरून धोबी घाट दिसतो. दहा मिनिटं पुरतात. खाली जाऊन लोकांच्या तोंडासमोर मोबाइल धरू नये. पुन्हा स्लो, दादर. इथे जेवण, फूल बाजार, आणि पायांत बळ असेल तर शिवाजी पार्क आणि चैत्यभूमी. दादरला पूर्वी दोन्ही रेल्वेचे प्लॅटफॉर्म एकापासून मोजायचे, पाहुणे हरवायचे. डिसेंबर २०२३ पासून पश्चिमचे १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४ असे सलग आकडे आहेत. “आठच्या पुढे कुठेही या” एवढं सांगितलं की काम होतं.

या फेरीची खरी गंमत संध्याकाळी कळते. ऑफिसची गर्दी त्या वेळी उत्तरेकडे जात असते आणि आपण दादरहून दक्षिणेकडे. समोरच्या प्लॅटफॉर्मवर पाय ठेवायला जागा नाही, आणि आमच्या काकू खिडकीत बसून शेंगा सोलतायत. उलट्या दिशेनं फिरलात तर हीच वेळ अंगावर येईल. सकाळी अकराच्या आत दक्षिणेकडची लोकल पकडायची वेळ येऊ देऊ नका, माणूस मुंबईला कायमचा घाबरतो.

याआधी एका खासगी मुंबई दर्शन बसचा अनुभव घेऊन झालाय. नाव लिहीत नाही. निम्मा दिवस सिग्नलला, राजाबाई टॉवर धावत्या काचेतून, आणि ज्या दुकानात आमचं काही काम नव्हतं तिथे भरपूर वेळ. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत आली. ती गार आहे आणि गुडघेदुखीवाल्यांना सोयीची, पण आरेचं स्टेशन सोडलं तर सगळी जमिनीखालून. मुंबई बघायला आलेल्या माणसाला तासभर बोगदा दाखवण्यात अर्थ नाही. धो धो पावसात किंवा मे महिन्यात मी तीच सुचवतो.

ज्यांना तिकीट घेऊ नका म्हणेन ते असे: फार थकलेली माणसं, कारण पुलांचे जिने बरेच चढावे लागतात, आणि रविवारी येणारे, कारण मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद. दोन-तीन दिवस राहणाऱ्यांनी मात्र ११५ चंच घ्यावं, ४० रुपये जास्त देऊन आणखी दोन दिवस मिळतात. दुसऱ्या दिवशी भायखळा निवांत करता येतो: राणीची बाग, पेंग्विन, आणि शेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ पासूनचं. तिथली जुन्या मुंबईची मातीची छोटी माणसं बघायला मी स्वतः दरवेळी आत जातो. बुधवारी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात, तेवढं बघून गाडीचं रिझर्व्हेशन करा.