सीईटी मॅथ्सची ट्यूशन, सातारा: वर्षभर जाऊन आल्यावर लिहितेय
सीईटी (बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनसाठीची राज्याची परीक्षा) झाली, रिझल्ट लागला, आता ओळखीतल्या बऱ्याच मुली विचारतायत की मॅथ्सला कुठे होतीस, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

अकरावीला मी एका मोठ्या क्लासला होते, नाव नाही लिहीत. एसी हॉल, प्रोजेक्टर, पुस्तकांचा हा एवढा गठ्ठा, पण बॅचला इतकी पोरं की डाउट विचारायला लेक्चर संपल्यावर लाइन लावायची आणि आपला नंबर येईपर्यंत सर पुढच्या बॅचवर गेलेले असायचे. त्यात शिकवणं सगळं जेईईच्या, म्हणजे आयआयटी वगैरेंच्या देशपातळीवरच्या परीक्षेच्या हिशोबाने, आणि मला जेईई द्यायचीच नव्हती. बारावीला आईने चौकशी करून पोवई नाक्याजवळच्या एका सरांकडे घातलं. घराच्याच वरच्या मजल्यावर क्लास, १५ जणांची बॅच, फी वर्षाची २२ हजार, दोन हप्त्यांत.

ज्यांना पेपर माहीत नाही त्यांच्यासाठी, सीईटीच्या मॅथ्सला ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, ९० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. फिजिक्स केमिस्ट्री मिळून १०० आणि एकटं मॅथ्स १००, म्हणजे अर्धी सीईटी मॅथ्सच आहे, आणि एका प्रश्नाला पुरती दोन मिनिटं पण मिळत नाहीत. बोर्डाला स्टेप्सचे मार्क असतात, इथे स्टेप्स कोणी बघत नाही. तरी सर प्रत्येक चॅप्टर आधी बोर्डासारखाच घेतात, बालभारतीचं पुस्तक, मिसलेनियस एक्सरसाइजसकट, आणि मगच सीईटीची गणितं. शॉर्टकट आधी मागितला तर देत नाहीत, कितीही मागे लागा. माझ्या मते या क्लासचं खरं बळ हेच आहे.

डेफिनिट इंटिग्रेशनचं सांगते. लिमिट शून्य ते पाय बाय टू, वर रूट साइन, खाली रूट साइन प्लस रूट कॉस. सरांनी आधी पूर्ण सोडवून घेतलं, एक्सच्या जागी पाय बाय टू मायनस एक्स टाकला की साइनचा कॉस होतो, दोन्ही इंटिग्रल मिळवले की आत नुसता १ उरतो, उत्तर पाय बाय फोर. मग फळ्यावरचं रूट पुसून क्यूब केला, उत्तर तेच. मग वर १ आणि खाली १ प्लस टॅन क्यूब, तरी तेच. आता का तेच येतं ते सांगा म्हणाले, आणि ज्याला सांगता आलं त्यानेच तो शॉर्टकट वहीत लिहायचा. मागच्या बाकावरच्या मुलाला जमेना तर सर त्याच्याशेजारी जाऊन बसले, बाकीचे आम्ही थांबलो, पण कोणाची कुरकुर नाही. माझ्यातली इंटिग्रेशनची भीती त्या आठवड्यात गेली हे मी मनापासून सांगते.

माझी दहावी मराठी मीडियमची. सीईटीला फिजिक्स केमिस्ट्री मराठीत घेता येतं पण मॅथ्सचा पेपर इंग्रजीतच असतो, त्यामुळे सर शिकवताना दोन्हीकडचे शब्द बोलतात आणि प्रश्न मोठ्याने वाचून घेतात. गावाकडून एसटीने येणारी आमच्यातली अर्धी मुलं याच्यामुळेच टिकली.

आता जे खटकलं ते पण लिहायला हवं. अकरावीच्या पोर्शनवर साधारण १० प्रश्न येतात, म्हणजे २० मार्क, आणि तो सगळा पोर्शन दिवाळीच्या सुट्टीत घाईघाईत उरकला. सर्कल, परम्युटेशन, एकेका चॅप्टरला फार तर दोन लेक्चर. ज्यांची अकरावी कच्ची आहे त्यांचे इथे हाल होतात, मला ते सगळं घरी बसून परत करावं लागलं. दुसरं म्हणजे टेस्ट सगळ्या कागदावर. परीक्षा कॉम्प्युटरवर असते, स्क्रीनवर बघून रफ कागदावर सोडवायची सवय वेगळी करावी लागते, ती मी चुलतभावाच्या लॅपटॉपवर ऑनलाइन मॉक (सराव परीक्षा) देऊन केली. सरांना आम्ही सांगितलंय, यावर्षी काय करतात बघू.

मला मॅथ्सला ९६ च्या वर पर्सेंटाइल आला, म्हणजे शंभरातली ९६ मुलं माझ्या मागे. जेईई ॲडव्हान्स्डपर्यंत जायचं असेल तर हा क्लास पुरणार नाही, सर स्वतःच तसं तोंडावर सांगतात. बोर्ड आणि सीईटी दोन्ही नीट करायच्या असतील तर जरूर जा. नवीन बॅच अकरावीची परीक्षा संपली की लगेच सुरू होते आणि जागा पटकन भरतात, पण फी भरायच्या आधी सर लेक्चरला बसू देतात, शक्यतो डाउट सोडवायच्या दिवशी जाऊन बसा.