साठ-चाळीसची लाल: अथणीकडच्या एका छोट्या वायनरीची वाईन

माझा धंदा औषधांचा. म्हणजे द्राक्षबागेच्या औषधांचा. चिकोडीत कृषी सेवा केंद्र आहे आणि गिऱ्हाईक अथणी-रायबागपासून पार जतपर्यंतचं. त्यामुळे वाईन चाखतानाही माझं डोकं आधी बागेत जातं, त्याला इलाज नाही. ही बाटली अथणी सोडून विजापूरच्या वाटेला लागलं की थोडं आत असलेल्या एका छोट्या वायनरीची. नाव मुद्दाम देत नाही; दारूच्या जाहिरातीला बंदी आहे आणि मलाही कुणाची जाहिरात करायची नाही. शोधायचीच असेल तर त्या पट्ट्यातला कुठलाही बेदाणा शेडवाला वाट सांगेल.

लाल वाईनच्या दोन द्राक्षजातींची ही जोड: शिराझ 60 टक्के, कॅबर्ने सोव्हिनियाँ 40 टक्के, अल्कोहोल साडेतेरा टक्के, किंमत 850 रुपये. आणि कोरडी, म्हणजे अजिबात गोड नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आपल्याकडे लाल वाईन म्हटलं की चोर्ला घाटातून आणलेली गोव्याची गोड पोर्टच आठवते. त्या हिशेबानं घोट घ्याल तर तोंड वाकडं होईल आणि शिव्या मला बसतील.

ग्लासात रंग गडद जांभळा. नाकाला आधी मिरे लागतात, मग पिकलेलं जांभूळ, मग थोडा धूर आणि व्हॅनिला. मिऱ्याचा वास हा माझ्या मनाचा खेळ नाही. काळ्या मिऱ्याला ज्या रोटंडोन नावाच्या द्रव्यामुळे वास येतो, तेच शिराझच्या सालीत असतं. जिभेवर फळ भरपूर, पाठोपाठ हिरड्यांना धरणारा तुरटपणा, आणि शेवटाला आंबटपणा एवढा की पुढचा घोट घ्यावासा वाटतो. आपल्या उष्ण मुलखातल्या वाईनमध्ये हा शेवटचा आंबटपणाच सहसा हरवलेला असतो. इथे तो शाबूत आहे, आणि तो कसा राहिला यातच या बाटलीचं सगळं कसब आहे.

बागेचं वेळापत्रक आपलंच: एप्रिलला खरड छाटणी (नवी काडी तयार व्हायला), ऑक्टोबरला गोडी छाटणी (घड धरायला). फरक मालात. थॉमसन ही बेदाण्याची बिनबियांची द्राक्षजात धरणारा शेतकरी वेलीला झेपेल तेवढे घड ठेवतो. इथे मालक, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, एकरी चार-पाच टनांवर माल जाऊच देत नाहीत. जास्तीचे घड हिरवे असतानाच कात्रीनं खाली. टनावर जगणाऱ्या माझ्यासारख्याला ते बघवत नाही. पण घड कमी म्हणजे मण्यात रस आटीव आणि रंग दाट, हे पटतं. साखर 24 ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) आली की पहाटे तोडणी, ऊन चढायच्या आत माल शेडमध्ये.

आता खरी अडचण. फेब्रुवारी सरला की आमच्याकडे मण्यात साखर सरासरा चढते आणि आंबटपणा तितक्याच वेगानं उतरतो. शिराझला हे फार बाधतं. दोन-चार दिवस उशीर झाला तरी तिचा जॅम होतो, वास गोड-गोड आणि अंगात जोर नाही. कॅबर्नेचा मणी बारीक, साल जाड, पिकायला सावकाश, आंबटपणा बऱ्यापैकी धरून ठेवणारी. पण ती एकटी घेतली तर सुरुवातीची काही वर्षं तोंडाला दोऱ्या बांधल्यासारखं वाटतं. म्हणून दोन्ही वेगवेगळ्या टाकीत आंबवायच्या आणि शेवटी जोड लावायची.

अण्णांचा मुलगा वाईनचं बघतो. त्यानं शिराझचा एक काळा मणी माझ्या तळहातावर चिरडला. रस जवळजवळ बिनरंगी. "रंग सगळा सालीत, काका. रस सालीबरोबर भिजला नाही तर लाल वाईन होतच नाही." यंत्रात देठ बाजूला पडतात, मणी फुटतात, यीस्ट टाकलं की एक-दोन दिवसांत टाकी उकळल्यासारखी बुडबुडे सोडते. सुटणारा वायू सालं वर ढकलतो, त्यांचा जाड थर बनतो, आणि तो दिवसातून दोन-तीनदा दांड्यानं खाली दाबत राहायचा, नाहीतर रंगही उतरत नाही आणि वर आंबूस वास धरतो. यीस्टची स्वतःची उष्णता असते. पारा फार चढला तर वास उडून जातो, आणखी चढला तर यीस्ट मरतं आणि साखर तशीच मागे राहते. म्हणून टाकीभोवती गार पाणी फिरवतात. खेड्यातल्या थ्री फेज विजेचा भरवसा आपल्याला माहीत आहेच. तोडणीच्या हंगामात जनरेटर चोवीस तास तयार असतो, आणि 850 मधले काही रुपये त्या डिझेलचे आहेत हे उघड आहे.

माझा विषय आला तो गंधकावर. भुरीसाठी, म्हणजे वेलीवरच्या पांढऱ्या बुरशीसाठी, आपण गंधक मारतो. तोडणीच्या फार जवळ मारलं तर ते सालीवर राहतं, आणि आंबताना यीस्ट त्याचं हायड्रोजन सल्फाइड करतं. टाकी उघडली की सडक्या अंड्याचा वास. हे पोरगं शेवटच्या फवारणीची तारीख वहीत लिहून ठेवतं आणि त्या तारखेपुढे मी कितीही चांगलं औषध दाखवलं तरी घेत नाही. तरीही वास आलाच तर उपाय मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, अगदी चिमटीएवढं, मोजून. बोर्डो मिश्रणासाठी, म्हणजे बुरशीवरच्या फवाऱ्यासाठी, मी पोत्यानं विकतो तेच. दुकानात मोरचुदाच्या थप्पीवर बसून आयुष्य गेलं, पण ते वाईनच्या टाकीतही जातं हे मला तिथेच कळलं. बाटलीत भरताना घालतात तो सल्फर डायऑक्साइडही ओळखीचाच. निर्यातीच्या पेटीत द्राक्षं टिकावीत म्हणून आपण ग्रेप गार्डचा कागद ठेवतो, त्यातून सुटतो तोच हा वायू.

आंबणं संपलं की सालं दाबयंत्रात. मग जिवाणूंचं काम: कैरी-सफरचंदातलं कडक मॅलिक आम्ल ते लॅक्टिक आम्लात, म्हणजे दह्यातल्या आम्लात, बदलतात आणि वाईनची धार मवाळ होते. त्यानंतर कॅबर्ने 225 लिटरच्या फ्रेंच ओकच्या पिंपात मुरायला जाते.

जोड लावण्याचं टेबल मात्र बघण्यासारखं. दोन चंबू, एक शंभर मिलीची मोजनळी, कागदावर पेन्सिलीनं आकडे. सत्तर-तीस आधी चाखायला दिली: वास झकास, पण घोट गिळल्यावर मागे काही उरत नाही. पन्नास-पन्नास: हिरड्या आवळल्या, मिरे गायब. साठ-चाळीसला दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत. दहा मिलीनं एवढा फरक पडतो यावर स्वतः चाखल्याशिवाय विश्वास बसत नाही. मग तो म्हणाला, "आता लगेच भरायची नाही. टाकीत थोडी एकमेकांत बसू दे की." बरोबर आहे, नुकती मिसळलेली वाईन पहिले काही आठवडे विस्कटलेली लागते.

आता दोष. व्हॅनिला जरा जास्त आहे, आणि तो सगळा पिंपांचा नाही. पिंप महाग, आणि तीन-चार वर्षांनी त्याचा वास संपतो, म्हणून शिराझ स्टीलच्या टाकीत ओकचे तुकडे सोडून मुरवतात. विचारलं तर पोरानं लपवलं नाही. बाटली उघडल्या उघडल्या तो वास मिऱ्याच्या डोक्यावर बसतो. अर्धा-पाऊण तास उघडी ठेवली तर उतरतो. लेबलवर द्राक्षाच्या तोडणीचं वर्ष इतकं बारीक छापलंय की आमच्या वयाच्या माणसानं बॅटरी लावावी.

जेवणाचं सांगतो, कारण इथे बरेच फसतात. सावजी मटणाबरोबर ही वाईन घेऊ नका. संकेश्वरी मिरचीचा जाळ अल्कोहोलनं आणखी भडकतो आणि तुरटपणा कडू लागतो. वाईनही वाया, मटणही वाया. कुंदा नाहीतर गोकाकचा करदंट तर नकोच, गोडावर कोरडी वाईन नुसती आंबट लागते. आमच्या घरी जमलं ते सुकं मटण: भाजलेलं खोबरं, भरपूर मिरे, मिरची नावाला. मंडळींनी स्वतः वाईन घेतली नाही, पण ग्लास हुंगून "मसाल्याचाच वास की हो हा" म्हणाल्या. भाजलेल्या वांग्याबरोबरही चांगली जाते. आणि उन्हाळ्यात ही थेट कपाटातून ओतू नका. दीड-दोन तास फ्रिजमध्ये, म्हणजे 16 ते 18 अंशांवर येते. कोमट लाल वाईनला फक्त स्पिरिटचा वास येतो.

घ्यायची तर शक्यतो वायनरीतूनच. गावातल्या एका दुकानात तीच बाटली ट्यूबलाइटखाली, उभी, पत्र्याच्या तापलेल्या भिंतीला टेकवून ठेवलेली होती. ती घेऊन बघितली. कॉर्क थोडा वर आलेला, आत फळ मेलेलं, भिजलेल्या बेदाण्याचा वास. यात वायनरीचा काही दोष नाही, पण 850 रुपये तर आपलेच जातात.

850 जास्त आहेत का? एका बाटलीला किलो-सव्वा किलो द्राक्ष लागतं, त्याचे पैसे फार नाहीत. पैसे जातात कमी धरलेल्या मालात, पिंपात, डिझेलमध्ये आणि करात. याच पैशात मोठ्या कंपन्यांच्या बाटल्या मिळतात, त्या जास्त गुळगुळीत असतात, आणि त्यातल्या दोन-तीन मला हिच्याइतक्याच आवडतात. पण मिऱ्याचा असा स्वच्छ वास त्यांत मला सापडला नाही. पुढच्या हंगामात पोराला कॅबर्ने वाढवून पन्नास-पन्नास करायचीय, म्हणजे वाईन जास्त वर्षं टिकेल म्हणतो. अण्णांचा विरोध आहे. मी अण्णांच्या बाजूनं.