मुलांना घेऊन चित्रं पाहायला कुठे जायचं: एनजीएमए, वस्तुसंग्रहालय की भाऊ दाजी लाड?

कुणीतरी जाणकार सोबत राहून समजावून सांगतोय आणि मुलंही कंटाळत नाहीत, अशी सुट्टीची सकाळ हवी असेल तर मुंबईत तीन ठिकाणांचा विचार करावा लागतो. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय म्हणजे एनजीएमए, त्याच्या समोरच रस्त्यापलीकडे असलेलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. ‘सगळ्यात चांगलं कुठलं’ असं विचारून फारसा उपयोग नाही. मुलाचं वय काय आणि त्याला कुठल्या भाषेत ऐकायला आवडतं, हे आधी ठरवा.

वार आधीच बघून ठेवा. एनजीएमए सोमवारी बंद असतं, भाऊ दाजी लाड बुधवारी (शेजारचं प्राणिसंग्रहालय, म्हणजे राणीची बागही बुधवारीच), तर वस्तुसंग्रहालय आठवडाभर उघडं असतं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा दिवशी मात्र कुठेही फोन केल्याशिवाय निघू नका.

एनजीएमए: आधी प्रदर्शन बघा, मग तारीख ठरवा

एनजीएमए ज्या इमारतीत आहे तो सर कावसजी जहांगीर हॉल १९११ चा, वास्तुविशारद जॉर्ज विटेटने बांधलेला. १९९६ मध्ये त्याच्या आत अर्धवर्तुळाकार मजले चढवून कलादालनं झाली. भारतीयांना तिकीट २० रुपये, म्हणजे चौघांचं कुटुंब वडापावच्या खर्चात आत जातं. पण इथली बहुतेक जागा बदलत्या प्रदर्शनांना दिलेली असते. त्यामुळे अनुभव कसा येईल हे त्या महिन्यात भिंतीवर काय आहे यावर ठरतं. २०१८ मध्ये इथे चित्रकार म. वि. धुरंधरांचं मोठं प्रदर्शन झालं. लग्नाची वरात, बाजार, लुगडी नेसलेल्या बायका अशी ती चित्रं आठ वर्षांच्या मुलालाही वाटाड्याशिवाय कळतात. पुढच्याच वर्षी चित्रकार प्रभाकर बरवे यांचं प्रदर्शन होतं. घड्याळं, पानं, रिकाम्या पेट्या, आणि वस्तूंमधलं अंतर हाच विषय. अशा प्रदर्शनाला गाइडशिवाय गेलात तर वीस मिनिटांत मुलं जिन्याकडे बघायला लागतात. चित्रं अमूर्ताकडे झुकणारी, म्हणजे ओळखीच्या आकृत्या नसलेली असतील, तर क्युरेटर (प्रदर्शन मांडणारा जाणकार) किंवा कलावंत स्वतः घेतात तो वॉक, म्हणजे चित्रं समजावत केलेला फेरफटका, असेल त्याच दिवशी जा. माणसं-वस्तू ओळखू येणारी आकृतिप्रधान चित्रं असतील तर कुठलाही दिवस चालेल.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक प्रदर्शन उतरवून दुसरं लावेपर्यंत दालनं बंद असतात आणि लोक दारावरून परत जातात. दुसरं म्हणजे आवाज. मजले मधल्या पोकळीभोवती चढत जातात आणि वर घुमट आहे, त्यामुळे घोळक्यात मागे राहिलेल्याला निम्मं ऐकू येतच नाही. वॉकला पंधरापेक्षा जास्त माणसं असतील तर मुलाला घेऊन गाइडच्या अगदी बाजूला उभे राहा. जिनेही बरेच आहेत, तेव्हा बाबागाडी आणि गुडघे दुखणारी आजी यांचा विचार करूनच बेत आखा.

वस्तुसंग्रहालय: पसारा मोठा, म्हणून यादी छोटी

हीही विटेटचीच इमारत, १९२२ मध्ये लोकांसाठी उघडलेली. तिकीट एनजीएमएच्या कितीतरी पट, फोटोंचे पैसे वेगळे. त्या बदल्यात कायमस्वरूपी संग्रह मिळतो आणि मराठी ऑडिओ गाइडही. ज्यांना इंग्रजी वॉकमध्ये अवघडल्यासारखं होतं त्या आजी-आजोबांसाठी हा सगळ्यात सोयीचा पर्याय आहे. बारा वर्षांपुढची मुलंही तो आवडीने ऐकतात. त्याहून लहान मुलं मात्र ऑडिओ गाइडच्या चौथ्या वस्तूपाशीच हेडफोन गळ्यात अडकवून पुढे पळतात. एका यंत्रात दोघांनी ऐकायचा प्रयत्न करू नका, त्यात दोघांचंही नुकसान होतं.

सगळी दालनं एका फेरीत करायला गेलात की फसलात. दीड तासात सहा ते आठ वस्तू पुरेत. तळमजल्यावरच्या शिल्प दालनातून सुरुवात करा: कर्नाटकातल्या ऐहोळेहून आलेली छताची शिल्पं, सिंधमधल्या मीरपूर खासचे भाजलेल्या मातीचे बुद्ध. पहिल्या मजल्यावर लघुचित्रं आहेत. तिथे उजेड मुद्दाम मंद ठेवतात, कारण जास्त प्रकाशाने जुने रंग उडतात. ‘इथे अंधार का?’ हे मुलं विचारणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा. एका लघुचित्रासमोर तीन मिनिटं थांबून ‘यात किती प्राणी दिसतात ते मोज’ एवढं सांगितलं तरी पुरतं. मग वर शस्त्रांच्या दालनात अकबराचं चिलखत. कंटाळलेलं मूल इथे परत जागं होतं, म्हणून हे शेवटी ठेवायचं.

आवारात २०१९ पासून वेगळं बालसंग्रहालयही आहे. दहा वर्षांखालच्यांना मुख्य इमारतीआधी तिथे नेऊ नका. हाताने करून बघायची सवय लागली की मग काचेमागच्या वस्तूंना कोण विचारतो!

भाऊ दाजी लाड: लहानग्यांसाठी पहिला नंबर

१८७२ चं हे मुंबईतलं सगळ्यात जुनं संग्रहालय. मजले दोनच, तिकीट नाममात्र. वरच्या मजल्यावर मुंबईतल्या जातीजमाती, धंदे, खेळ आणि होड्या यांची मातीची आणि लाकडाची छोटी मॉडेल्स आहेत. चार ते नऊ वर्षांच्या मुलांना याहून चांगली सुरुवात नाही, कारण समोर काय आहे ते सांगावं लागत नाही. इथल्या फेरफटक्याला मराठी गाइड मिळतो का, हे जाण्याआधी फोनवर जरूर विचारा. बाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे. तो इंग्लंडला न्यायच्या खटपटीत फुटला होता. हे सांगितलं की मुलं त्याचे सांधे शोधत बसतात.

इथला धोका म्हणजे राणीची बाग. आधी पेंग्विन बघितले की संग्रहालय राहूनच जातं. रविवारी दहाला उघडल्या उघडल्या संग्रहालयात शिरा आणि बाग नंतर करा. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवायची वेळही बघून निघा.

वॉक की वर्कशॉप?

वॉकमध्ये मूल ऐकतं, वर्कशॉपमध्ये हाताने करतं. सात वर्षांखाली वर्कशॉप बरं, दहानंतर वॉक, आणि मधल्या वयासाठी आधी अर्धा तास दालन, मग चित्र काढणं असा जोडकार्यक्रम शोधा. नाव नोंदवताना चार गोष्टी विचारा. भाषा कोणती? एका गटात किती जण आणि कुठल्या वयाचे? पाच आणि बारा वर्षांची मुलं एकत्र बसवली की धाकटी रडतात आणि मोठी जांभया देतात. साहित्य मिळतं की घरून आणायचं? दालनात सहसा फक्त पेन्सिल चालते, ओले रंग नाहीत. पालकांनी थांबायचं की बाहेर बसायचं? थांबायचं असेल तर हात मागे बांधून बसा. अर्धी वर्कशॉपं आई-बाबाच मुलाचं चित्र पुरं करून बिघडवतात.

एनजीएमए आणि वस्तुसंग्रहालय समोरासमोर असल्यामुळे ‘दोन्ही एकदम उरकू’ हा मोह होतो. करायचंच असेल तर सव्वादहाला वस्तुसंग्रहालय उघडताच आत, बाराला बाहेर, पोटभर जेवण, आणि मग एनजीएमएत फक्त पाऊण तास, तेही वॉकची वेळ जुळत असेल तरच. मेट्रोने येणाऱ्यांना हुतात्मा चौक स्थानक चालण्याच्या अंतरावर आहे. पिशव्या मात्र कमीत कमी आणा, सुट्टीच्या दिवशी सामान जमा करायच्या रांगेतच पहिली वीस मिनिटं जाऊ शकतात.