सहा रविवारांचा समाजशास्त्राचा क्लास, पैसे वसूल झाले पण चौथ्या रविवारी

आधीच सांगते, मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे, त्यामुळे घरी क्लासचं नाव काढल्यावर नवऱ्यापासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांनी एकच जोक मारला, की सोसायटीचा अभ्यास तर तू रोज करतेस, वर अडीच हजार कशाला. नाव देत नाही क्लासचं, कारण तक्रारीही करणार आहे आणि शिकवणारी माणसं भली होती. पुण्यात पेठेत, रविवारी १० ते १, सगळं मराठीतून. बॅच वीसेक जणांची, त्यात निम्मी पोरं यूपीएससीवाली, चार-पाच रिटायर्ड काका-काकू, आणि माझ्यासारखे उगाच आलेले.

पहिला रविवार वाया. काँत, दुर्खाइम, वेबर या समाजशास्त्राचा पाया घालणाऱ्या तिघांना एका सकाळीत उरकलं, स्लाइडवर जे लिहिलंय तेच सर वाचून दाखवत होते. झेरॉक्स नोट्समध्ये 'प्रमाणकशून्यता' असा शब्द, शेजारच्या मुलाने मला हळूच विचारलं, मॅडम हे गणितातलं आहे का? (मला तरी कुठे माहीत होतं. नंतर कळलं, समाजात काय चालतं नि काय नाही याचे नियमच ढिले पडतात, माणसाला काही धरायला उरत नाही, ती अवस्था. मग असंच लिहा ना.) एकच गोष्ट डोक्यात बसली, दुर्खाइमची. आत्महत्या म्हणजे किती खासगी गोष्ट, पण या माणसाने १८९७ च्या पुस्तकात सरकारी आकडे घेऊन दाखवलं की एकेका समाजातलं तिचं प्रमाण वर्षानुवर्षं साधारण तेवढंच राहतं, आणि प्रोटेस्टंट-कॅथलिक, लग्न झालेले-न झालेले असा गटागटांत फरक पडतो, म्हणजे नुसतं एकेकाच्या मनात डोकावून भागत नाही, माणूस कोणाशी किती बांधलेला आहे ते बघावं लागतं. सर इथे पहिल्यांदा रंगात आले आणि नेमका एक वाजला.

दुसऱ्या रविवारी कुटुंब, दर्जा, भूमिका वगैरे. ठीक.

तिसऱ्यापासून मॅडम आल्या आणि क्लास सुरू झाला असं म्हणेन. मुंबई विद्यापीठात १९१९ ला समाजशास्त्राचा विभाग निघाला, पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस, मूळचे जीवशास्त्रवाले आणि नंतर नगररचनेतले, आणि १९२४ पासून आपल्या मालवणचे घुर्ये. इरावती कर्वे आणि खेड्यांचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास दोघं घुर्यांचे विद्यार्थी, हे मला खरंच माहीत नव्हतं. इरावतीबाई म्हणजे मला शाळेतल्या धड्यापुरत्या ठाऊक, त्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासासाठी माणसांच्या डोक्यांची मापं घेत फिरायच्या हे ऐकून गंमत वाटली. वारीला गेल्या तेव्हा एकाच दिंडीत ब्राह्मणांच्या पंगती वेगळ्या आणि मराठ्यांच्या वेगळ्या हे त्यांनी लिहून ठेवलं, आणि त्यांना ते लागलंही होतं. माझी आजी वारी करायची, विठ्ठलापुढे सगळे सारखे हे आम्ही तिच्याकडून शंभर वेळा ऐकलंय, पण स्वयंपाक कोण कोणासाठी करायचं हे कधी विचारलंच नाही.

याच दिवसाची मोठी तक्रार म्हणजे बाबासाहेबांना दहा मिनिटं! मे १९१६, अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या सेमिनारमध्ये पंचविशीतला मुलगा निबंध वाचतो की जातीचं मूळ यंत्र म्हणजे अंतर्विवाह, आपल्यातच लग्नं लावणं, आणि ते टिकवायचं म्हणून सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. अख्खा रविवार द्यायचा विषय हा. त्या रात्री माझ्या फोनवरच्या तीन 'वधू-वर' ग्रुपांची नावं वाचली, तिन्हीत जात, दोनात पोटजात, आणि तिन्हीत मला मीच अॅड करून घेतलंय भाचीसाठी.

चौथा रविवार म्हणजे प्रॅक्टिकल. एक जागा निवडायची, दोन तास बसायचं, दिसेल तेवढंच लिहायचं. 'गरीब बिचारी', 'उद्धट' असले शब्द लिहिले की मॅडम लाल पेनाने खोडणार, कोण, किती वाजता, काय केलं, एवढंच. मी आळशीपणा करून आमचंच गेट निवडलं, सकाळी ८ ते १०. आमच्याकडे व्हिजिटर रजिस्टर आहे, 'प्रत्येक व्हिजिटरने नोंद करावी' ही नोटीस माझ्याच सहीची. दोन तासांत कामाच्या सगळ्या बायकांनी नोंद केली, ज्या गेली आठ वर्षं येतायत त्यांनीसुद्धा, सुताराने केली, पार्सलवाल्या पोरांनी केली, आणि बाहेरच्या ज्या सात गाड्या आल्या त्यातली एकही थांबली नाही, उलट वॉचमनकाकांनी सलाम ठोकला. काकांना विचारलं, असं कसं? तर म्हणाले, "मॅडम, गाडीवाल्यांना थांबवलं तर तुम्हीच लोक ओरडता."

मला वाटलं भारी निरीक्षण झालं. मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, छान, पण तुम्ही सेक्रेटरी, गेटवर खुर्ची टाकून बसलात, तर कोणाचं वागणं तुमच्यामुळे बदललं? आणि मग श्रीनिवासांचं सांगितलं, १९४८ ला म्हैसूरजवळच्या रामपुरात राहिले, पण मुक्काम गावच्या मुख्य माणसाच्या आवारात, त्यामुळे दलित वस्तीकडचं गाव आपल्याला नीट दिसलं नाही हे त्यांनी स्वतःच कबूल केलंय. पुढे १९७० मध्ये अमेरिकेत आग लागून त्यांच्या टिपणांच्या प्रती जळाल्या आणि मग गावावरचं पुस्तक बरंचसं आठवणीतून लिहिलं. मी माझी वही त्या दिवसापासून गॅसच्या ओट्यावर ठेवत नाही.

पाचव्या रविवारी प्रश्नावली. 'तुमच्याकडे जातपात पाळतात का' विचारलं तर जग नाहीच म्हणणार, त्यापेक्षा कामवाल्या ताईंचा चहा कुठल्या कपात देता ते विचारा, असं मॅडम म्हणाल्या आणि एकदम शांतता पसरली, दोन काकू तर सरळ पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. आपला व्हॉट्सअॅप ग्रुप म्हणजे सँपल नव्हे हेही त्याच दिवशी कळलं, हे काही यूट्यूबवाल्यांना कळवायला हवं.

सहावा रविवार सर्टिफिकेट, भाषणं, बटाटेवडा. वडा चांगला होता.

यूपीएससीवाल्यांनी जाऊ नये, सिलॅबसच्या मानाने थिअरी अगदीच पातळ आहे. बाकी ज्यांना व्हॉट्सअॅपवर 'आजकाल समाज बिघडलाय' असं लिहायची सवय आहे त्यांनी जरूर जावं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, पार्किंग विसरा, रिक्षाने या. पाचपैकी साडेतीन, आणि पहिले दोन रविवारही मॅडमना दिले तर साडेचार.

रजिस्टरचा विषय पुढच्या कमिटी मीटिंगच्या अजेंड्यावर टाकलाय, गाड्यांसकट. चेअरमन काकांचा फोन येऊन गेला, म्हणाले, एवढं काय त्यात, नंतर बघू. वहीत वेळ लिहून ठेवली आहे, रात्री ९.१०.