रग्बी लीगचं तिकीट किती खपेल? अंदाजाच्या चार पद्धती समोरासमोर

इंग्लंडमधल्या हल शहरातले दोन संघ गुड फ्रायडेला एकमेकांशी भिडणार असतील तर गर्दीचा अंदाज बांधायला तज्ज्ञ लागत नाही. मैदान भरणार हे शहरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. अडचण येते ती फेब्रुवारीतल्या कडाक्याच्या रात्री. कॅसलफर्डच्या मैदानावर दक्षिण फ्रान्समधून कॅटलान्स ड्रॅगन्स खेळायला येतात, त्यांच्यासोबत मोजकेच चाहते असतात आणि सामना घरबसल्या टीव्हीवरही दिसणार असतो. त्या रात्री किती स्टँड उघडायचे, किती सुरक्षारक्षक बोलवायचे, खाण्यापिण्याची तयारी किती ठेवायची हे आठवडाभर आधी ठरवावं लागतं. अंदाजाचा कस लागतो तो अशाच सामन्यांत.

हा आढावा आहे तो क्लबच्या तिकीट विभागात नव्याने रुजू झालेल्यांसाठी, आणि लीड्स-मँचेस्टरकडे डेटा सायन्स शिकायला जाऊन प्रबंधासाठी हाच विषय घेऊ पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी. 2025 मध्ये मुंबईत झालेली रग्बी प्रीमियर लीग सात-सात खेळाडूंची होती. इथे बोलतोय ते तेरा-तेरा खेळाडूंच्या रग्बी लीगबद्दल, जी 1895 मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलातल्या बैठकीतून रग्बीच्या मूळ संघटनेपासून वेगळी झाली आणि आजही मुख्यतः उत्तर इंग्लंड आणि पूर्व ऑस्ट्रेलियात रुजलेली आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एका क्लबसाठी काम करत असाल तर हंगामाआधी साधं रिग्रेशन (गर्दीच्या प्रत्येक कारणाला वजन देणारं समीकरण) आणि विक्री उघडल्यावर बुकिंगचा वेग, ही जोडी घ्या. मशीन लर्निंगच्या मोठ्या मॉडेलचा मोह अख्ख्या लीगचा अनेक वर्षांचा डेटा हाताशी असेल तरच धरा.

आधी ठरवा, कोणता आकडा हवाय

पद्धतींची तुलना करण्याआधी एक गोष्ट पक्की करावी लागते, कारण निम्मे घोळ इथेच होतात. विकलेली तिकिटं, गेटवर स्कॅन झालेली तिकिटं आणि जाहीर झालेली प्रेक्षकसंख्या हे तीन वेगवेगळे आकडे आहेत. सीझन तिकीटवाल्याने पैसे कधीच भरलेले असतात. पावसाच्या रात्री तो घरी बसला तर क्लबच्या उत्पन्नात फरक पडत नाही, पण स्टँड ओका दिसतो आणि आतली विक्री बुडते. लेखा विभागाला विक्रीचा आकडा हवा असतो, सुरक्षा आणि खानपान पाहणाऱ्यांना प्रत्यक्ष आलेल्या माणसांचा. एकाच मॉडेलकडून दोन्ही उत्तरं मागितली की कुणाचंच समाधान होत नाही.

सुपर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडमधल्या रग्बी लीगच्या सर्वोच्च स्पर्धेत, या आकड्याला आता आणखी वजन आलंय. 2025 च्या हंगामापासून वरच्या लीगमध्ये कोण खेळणार हे मुख्यतः आयएमजी या क्रीडा-विपणन कंपनीने आखून दिलेल्या गुणांकनावर ठरतं. त्यातल्या 20 पैकी 5 गुण चाहत्यांच्या पाठबळाचे, आणि मैदानावरची गर्दी त्यात मोजली जाते. म्हणजे रिकाम्या खुर्चीची किंमत तिकिटाच्या दरापुरती राहिलेली नाही.

मागच्या वर्षीचा आकडा

पहिली पद्धत फुकटची. मागच्या वर्षी याच पाहुण्या संघाविरुद्ध किती लोक आले होते ते पाहायचं, यंदाच्या हंगामाची सरासरी चढती की उतरती तेवढी दुरुस्ती करायची, झालं. हिला नाक मुरडू नका. उरलेल्या सगळ्या पद्धती हिच्याशी ताडून पाहा. जी हिला हरवू शकत नाही, ती कितीही देखणी असली तरी बाजूला ठेवा.

हिचं तोंड आपटतं ते क्लबचं नशीब पालटलं की. ली हा क्लब 2023 च्या हंगामात सुपर लीगमध्ये परतला, सेंच्युरियन्सचा लेपर्ड्स झाला, आणि त्याच वर्षी 1971 नंतर पहिल्यांदा त्यांनी चॅलेंज कप ही बाद फेरीची स्पर्धा जिंकली. हल किंग्स्टन रोव्हर्सने 2025 मध्ये चाळीस वर्षांचा दुष्काळ संपवत चॅलेंज कप, लीग लीडर्स शील्ड (साखळीत अव्वल राहिल्याचा मान) आणि ग्रँड फायनल (लीगचा अंतिम सामना) हे तिन्ही मान एकाच वर्षात मिळवले. अशा क्लबांच्या बाबतीत जुना आकडा दिशाभूल करतो. 2026 मध्ये सुपर लीग 12 वरून 14 संघांची झाली. ब्रॅडफर्ड 2014 नंतर परत आलं, यॉर्क पहिल्यांदाच आलं. त्यांच्याविरुद्धच्या सामन्यांना ‘मागचं वर्ष’च नाही.

रिग्रेशन

इथे प्रत्येक कारणाला वेगळं वजन मिळतं: यजमान क्लब, पाहुणा क्लब, वार, वेळ, सुट्टी, गुणतक्त्यातली जागा, दोन गावांमधलं अंतर, टीव्ही. प्रेक्षकसंख्येऐवजी तिचा लॉगॅरिदम घेतला की वजनं टक्क्यांत वाचता येतात, आणि ‘गुरुवारऐवजी शुक्रवारी खेळवलं तर किती टक्के फरक पडेल’ या प्रश्नाला व्यवस्थापकासमोर थेट उत्तर देता येतं. माझ्या लेखी या पद्धतीचं सगळ्यात मोठं बळ हेच. आकडा थोडा चुकला तरी कारण दिसतं, आणि कारण दिसलं की पुढच्या खेपेला त्यावर काही करता येतं.

अंतराचंच घ्या. सुपर लीगचे बहुतेक क्लब एम 62 महामार्गाच्या आसपास दाटीवाटीने बसलेत. कॅसलफर्ड आणि वेकफील्ड तर एकमेकांचे शेजारी. पाहुणे चाहते तासाभरात येतात, म्हणून अंतराला मोठं वजन मिळतं. पर्पिन्यां (कॅटलान्सचं गाव) आणि तुलूझ या दोन फ्रेंच गावांमुळे मात्र या रेषेचा तोल जातो. हजार किलोमीटर आणि बाराशे किलोमीटर यांत पाहुण्यांच्या बाजूने फारसा फरक उरत नाही. दोन्हीकडून थोडेच येतात. म्हणून अंतर सरळ घालू नका. जवळचा, मध्यम, परदेशी असे तीन गट केलेत तरी काम भागतं.

टीव्हीच्या बाबतीत जुने निष्कर्ष उचलताना जपून. 1990 च्या दशकात स्काय ही उपग्रह वाहिनी आल्यावर थेट प्रक्षेपणाने गर्दी घटते का, यावर ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी याच खेळाचा अभ्यास केला होता. तेव्हा काही सामने दिसायचे, काही नाही, त्यामुळे तुलना शक्य होती. 2024 पासून सुपर लीगचे सगळेच सामने थेट दिसतात. सगळ्याच ओळींत ‘हो’ लिहिलेला रकाना मॉडेलला काहीच शिकवत नाही. त्याऐवजी सामना कोणत्या वारी आणि किती वाजता ढकलला गेला ते नोंदवा. टीव्हीचा परिणाम आता तिथून दिसतो.

दुसरा खड्डा हाउसफुल्लचा. हल किंग्स्टन रोव्हर्सच्या क्रेव्हन पार्कसारख्या साधारण 12 हजारांच्या मैदानात तिकिटं संपली की नोंद 12 हजारांची होते, मागणी भले 16 हजारांची असो. साधं रिग्रेशन हा आकडा खरी मागणी समजून बसतं आणि मोठ्या सामन्यांचं वजन कमी लावतं. टोबिट नावाचं रिग्रेशन ‘इथे छत लागलं होतं’ हे लक्षात घेतं. ज्यांचं मैदान वर्षातून दोनदाच भरतं त्यांनी यात वेळ घालवू नये. ज्यांचं दर दुसऱ्या सामन्याला भरतं त्यांना मात्र ते टाळता येणार नाही, विशेषतः नवा स्टँड बांधायचा विचार असेल तर.

मशीन लर्निंग

एक्सजीबूस्ट, लाइटजीबीएम यांसारखी निर्णयवृक्षांवर (हो-नाही प्रश्नांच्या फांद्यांवर) चालणारी मॉडेल्स वळणदार नाती आपणहून शोधतात. ‘घरचा संघ फॉर्मात, पाहुणा जवळचा आणि शुक्रवारची संध्याकाळ’ असं तिहेरी मिश्रण रिग्रेशनला हाताने शिकवावं लागतं, यांना नाही. पण त्यांना डेटा लागतो, आणि इथे तो तुटपुंजा आहे. 12 संघ आणि 27 फेऱ्यांच्या सुपर लीगमध्ये हंगामाचे 162 सामने व्हायचे. मॅजिक वीकेंडची तटस्थ मैदानावरची फेरी वगळली तर एका क्लबच्या वाट्याला घरचे 13. पाच वर्षं जमवली तरी 65 ओळी, त्यातही 2020 आणि 2021 ही कोविडची वर्षं बाद. एवढ्यावर ही मॉडेल्स पाठांतर करतात, शिकत नाहीत.

अख्ख्या लीगचा डेटा घेतलात तर चित्र बदलतं. ऑस्ट्रेलियाची सर्वोच्च लीग एनआरएल त्याहून बरी: 2023 मध्ये डॉल्फिन्स आल्यापासून 17 संघ आणि साखळीचे 204 सामने. तिथला स्वभावही वेगळा आहे. नऊ क्लब सिडनी आणि तिच्या परिसरातले, त्यामुळे घरचे आणि पाहुणे यांची सीमाच पुसट. शिवाय 80 हजारांवर खुर्च्या असलेल्या स्टेडियम ऑस्ट्रेलियात साखळीचे सामने होतात तेव्हा छताचा प्रश्न येत नाही. प्रबंधाला निव्वळ मॉडेलची करामत दाखवायची असेल तर एनआरएल घ्या. पाहुण्या चाहत्यांचा आणि हाउसफुल्लचा अभ्यास करायचा असेल तर सुपर लीग.

कोणतीही लीग घेतलीत तरी डेटा आधी हाताने चाळा. एक उदाहरण बघा. 2019 च्या मे महिन्यात कॅटलान्सने विगनविरुद्धचा आपला घरचा सामना बार्सिलोनाच्या काम्प नोऊवर खेळवला आणि 31,555 लोक आले. फाइलमध्ये ती ओळ ‘यजमान: कॅटलान्स’ अशीच दिसते. ती तशीच ठेवली की मॉडेल समजतं, विगन आला की पर्पिन्यांत तीस हजार माणूस जमतं. तिथल्या मैदानात तेवढी जागाच नाही. एनआरएलच्या 2024 च्या लास व्हेगास दौऱ्याचंही तेच. एका तिकिटावर दोन सामने होते आणि 40,746 हा आकडा दोन्हींचा मिळून. मॅजिक वीकेंडला तर दिवसाची गर्दी मोजतात, एकेका सामन्याची नाही. या ओळी बिनदिक्कत काढून टाका.

आणि चाचणी घेताना पत्ते पिसल्यासारखे सामने वाटू नका. 2022 पर्यंतचं शिकवा, 2023 ओळखायला लावा. मग 2023 पर्यंतचं शिकवून 2024. नाहीतर मॉडेलला ऑगस्टमधला सामना पाहून जूनमधला ‘ओळखता’ येतो आणि कागदावरची अचूकता प्रत्यक्षात गायब होते. हवामानाचंही तसंच. प्रत्यक्ष पडलेल्या पावसावर शिकवायचं आणि वापरताना दहा दिवस आधीचा हवामान अंदाज द्यायचा, ही स्वतःचीच फसवणूक आहे.

बुकिंगचा वेग

सामना तोंडावर आला की मला सगळ्यात भरवशाची वाटणारी पद्धत हीच, आणि प्रबंधांत सगळ्यात कमी दिसणारीही हीच, कारण रोजच्या विक्रीची नोंद क्लब बाहेर देत नाहीत. नाटकाचा प्लॅन उघडल्यावर पहिल्या दोन दिवसांत किती खुर्च्या गेल्या यावरून जुना बुकिंग क्लार्क रविवारचा प्रयोग कसा जाणार ते सांगतो, तसाच हा हिशेब. विमान कंपन्या आणि हॉटेलं तो वर्षानुवर्षं करत आली आहेत.

समजा, सामन्याला 14 दिवस आहेत आणि सुटी तिकिटं 1,200 गेलीत. मागच्या सामन्यांवरून दिसतं की या टप्प्यावर साधारण 40 टक्के विक्री झालेली असते. गुणाकाराने अंदाज येतो 3,000. दुसरा मार्ग बेरजेचा: शेवटच्या 14 दिवसांत सहसा 1,800 तिकिटं जातात, म्हणून 1,200 अधिक 1,800, पुन्हा 3,000. दोन्ही जुळले की निर्धास्त.

आता समजा क्लबने लवकर घेणाऱ्यांना सवलत दिली आणि 14 दिवस आधीच 2,000 तिकिटं गेली. गुणाकार म्हणतो 5,000, बेरीज म्हणते 3,800. सवलतीमुळे बरेचसे लोक नुसतेच आधी सरकलेत, नवे थोडे आहेत, म्हणून अशा वेळी मी बेरजेकडे झुकेन. त्यातूनही थोडं कमीच धरेन, कारण शेवटच्या आठवड्यात येणारे काहीजण आधीच येऊन गेलेत. उलट संघ अचानक जिंकू लागला असेल, सवलत नसेल आणि विक्री वर गेली असेल, तर गुणाकार खऱ्याच्या जवळ जातो. विक्रीच्या रकान्याशेजारी ‘सवलत होती का’ हा रकाना नसेल तर ही निवड करताच येत नाही. आजपासून तो भरायला लागा.

यात सीझन तिकीटवाले वेगळे मिळवायचे. 6,000 जणांतले सहसा 80 टक्के येत असतील तर 4,800. हा टक्का स्थिर नसतो. थंडी, गुरुवार आणि हरत चाललेला संघ एकत्र आले की तो घसरतो. स्कॅनची नोंद हातात असेल तर याच टक्क्यासाठी वेगळं छोटं रिग्रेशन करा. मेहनतीच्या मानाने फायदा इथे सगळ्यात जास्त मिळतो.

या पद्धतीची मर्यादाही उघड आहे. जानेवारीत, अंदाजपत्रक मांडताना, विक्रीच उघडलेली नसते. तेव्हा रिग्रेशनला पर्याय नाही.

कुणी काय निवडावं

छोटा क्लब, एक माणूस आणि एक्सेल एवढंच असेल तर मागच्या वर्षीचा आकडा आणि बुकिंगचा वेग पुरे. मधला क्लब, ज्याला वार आणि दर ठरवण्यात मदत हवी आहे, त्याने रिग्रेशन जोडावं. लीगच्या मुख्यालयाने किंवा बारा-चौदा क्लबांची तिकिटं विकणाऱ्या कंपनीने निर्णयवृक्ष जरूर वापरावेत. त्यांच्याकडे ओळीही आहेत आणि रोजची विक्रीही.

यांपैकी काहीही घेतलंत तरी एकच आकडा देऊ नका, पट्टा द्या. कॅसलफर्डच्या त्या फेब्रुवारीच्या रात्रीसाठी सुरक्षेच्या माणसाला सांगा, दहापैकी नऊ वेळा गर्दी याच्या आत राहील असा वरचा आकडा. माणसं कमी पडणं तिथे परवडत नाही. लेखा विभागाला मधला द्या. अंदाजपत्रकात थोडं खालचा धरा, कारण न आलेल्या प्रेक्षकाच्या जिवावर खेळाडूंचे पगार ठरले की जुलैमध्ये हातातोंडाची गाठ पडत नाही. हे तीन आकडे तीन वेगळ्या ओळींत, तारखेसकट लिहून ठेवा आणि सामन्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारी खरा आकडा भरा. दोन हंगामांनी त्या वहीत तुमच्या क्लबचा जो डेटा तयार होईल, तो बाहेर कुठे विकत मिळत नाही.