घर विकलं, नवं ठरायचंय: मधल्या काळात भाड्याने जावं की विकलेल्याच घरात थांबावं?

आधी नवं घर घ्यायचं आणि मग जुनं सावकाश विकायचं, हा राजमार्ग. ज्यांच्याकडे तेवढा पैसा पडून आहे त्यांनी तोच धरावा, पुढचं वाचायची गरज नाही. बाकीच्यांना त्यासाठी मोठं कर्ज किंवा ब्रिज लोन (जुनं घर विकेपर्यंतचं तात्पुरतं कर्ज) काढावं लागतं आणि हप्त्यांचा धाक पाठीशी घेऊन गिऱ्हाईक शोधावं लागतं. समोरच्याला हा धाक चहा संपायच्या आत कळतो आणि तो भाव पाडून मागतो. आम्ही त्या वाटेला गेलोच नाही. कोथरूडचा तिसऱ्या मजल्यावरचा, बिनलिफ्टचा फ्लॅट आईच्या गुडघ्यांमुळे विकायचाच होता, तो आधी विकला. मग प्रश्न उरला तो मधल्या काळाचा.

पर्याय दोन. एक म्हणजे खरेदीखत करून द्यायचं, पण घेणाऱ्याशी बोलून आणखी काही महिने त्याच घरात राहायचं. यात तो एकतर भाडं घेतो, नाहीतर शेवटचा हप्ता ताबा मिळेपर्यंत स्वतःकडे ठेवतो. दुसरा, सामान उचलून भाड्याच्या घरात जायचं.

निव्वळ खर्च पाहिला तर पहिला पर्याय सरळ स्वस्त आहे. भाड्याच्या घराला एजंटची दलाली आली, ती पुण्यात बहुतेक एका महिन्याच्या भाड्याइतकी. दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट आलं. करार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, नोंदवावाच लागतो. त्याचा खर्च मात्र किरकोळ आहे: मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या 0.25 टक्के (डिपॉझिटवर व्याज मिळालं असं मानून तेही त्यात धरतात) आणि शहरी भागात नोंदणी फी 1000 रुपये. एजंटचा माणूस घरी येऊन अंगठे घेऊन जातो. खरा खर्च सामान दोनदा हलवण्याचा. आमचं शिसवी कपाट पहिल्या हलवाहलवीत दारातून निघता निघेना, तेव्हा दोनदा हा शब्द किती जड आहे ते मला समजलं.

त्यामुळे आमचा कल आधी थांबण्याकडेच होता. घेणारे सज्जन होते, चार-सहा महिने राहा म्हणाले. मुलीची शाळा, दूधवाला, आईचं देऊळ, काहीच बदलणार नव्हतं.

मोडता घातला तो सुताराने. टोकन झाल्यावर पुढच्याच शनिवारी घेणारे त्याला घेऊन आले, फक्त मापं घ्यायला. पुढच्या शनिवारी इंटिरिअरवाली मुलगी आली, मग प्लंबर, मग घेणाऱ्यांच्या सासूबाई. आई देव्हाऱ्यापुढे पोथी वाचत बसलेली आणि हा बाबा तिच्या डोक्यावरून टेप ताणून आकडे सांगतोय. स्वयंपाकघरात त्याने कालनिर्णय वर उचललं आणि खाली भिंतीवर पेन्सिलीने माप लिहून ठेवलं, कॅलेंडर पुन्हा नीट अडकवलंही. वागण्यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. जाताना ओटा किती वर्षांचा आहे हे मात्र त्याने असं विचारलं की हिने त्या संध्याकाळी ओट्यावर हातच फिरवला नाही.

तेव्हा अजून खरेदीखतही व्हायचं होतं, म्हणजे घर कायद्याने आमचंच होतं. खरेदीखतानंतर तर नाही म्हणायचं तोंडही उरलं नसतं. त्यांचा हप्ता चालू, घर त्यांचं, आणि आपण त्यात पाहुणे. कुणी म्हणेल की एवढ्यातेवढ्यावरून कुणी घर हलवतं का. असेलही. ज्यांचं घर दिवसभर रिकामं असतं त्यांना हा त्रास कदाचित जाणवणारही नाही. आम्हाला जाणवला, आणि आम्ही बावधनला भाड्याने गेलो.

तिथे गेल्यावर या पर्यायाच्या काही बाजू कळल्या, ज्या हिशेबात मी धरल्याच नव्हत्या. नवं घर बावधनलाच घ्यायचं जवळपास ठरलेलं होतं. भाड्याने राहताना एप्रिलमध्ये सकाळी गेटवर पाण्याच्या टँकरची रांग पाहिली, मेंटेनन्सच्या बिलात टँकरचा वेगळा आकडा पाहिला, संध्याकाळी चांदणी चौकाकडून घरी यायला काय लागतं तेही पाहिलं. साइट व्हिजिटला रविवारी अकरा वाजता नेतात, तेव्हा यातलं काही दिसत नाही. शेवटी आम्ही घर कोथरूडमध्येच घेतलं, लिफ्टच्या इमारतीत. बावधनला राहणारे सुखात राहतातच. पण हे घर घेण्याच्या आधी कळलं याचं मोल मी दलालीपेक्षा जास्त लावतो.

दुसरी बाजू तारखेची. जुन्या घरात थांबलात की ताब्याची तारीख घेणाऱ्याच्या मुठीत असते. ती जवळ आली की समोर दिसेल ते घर बरं वाटायला लागतं. भाड्याच्या घरात मालकाशी बोलून महिना-दोन महिने पुढे-मागे करता येतं. आयकराची मुदत त्या मानाने सैल आहे. कलम 54 म्हणून सगळे ओळखतात ती घरविक्रीच्या नफ्यावरच्या करातली सवलत घर विकल्यापासून दोन वर्षांत तयार घर घेतलं तर मिळते, बांधलं तर तीन वर्षांत. फक्त रिटर्नच्या मुदतीपर्यंत घर झालं नसेल तर उरलेला नफा बँकेत कॅपिटल गेन्स खात्यात टाकावा लागतो. साध्या एफडीत ठेवून चालत नाही, आणि लोक नेमके इथेच अडकतात. सीएला आधी गाठा.

अजून पाया खणला जातोय असं घर घेणार असाल तर हे गणित बदलतं. महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्प पूर्ण होण्याची जी तारीख दिसते, तिच्यापुढे स्वतःच्या मनाने काही महिने धरा आणि तेवढं भाडं आताच घराच्या किमतीत जोडा.

भाड्याच्या घराची कटकट म्हणाल तर लॉक-इन, म्हणजे जेवढे महिने घर सोडता येत नाही ती मुदत. कोथरूड-कर्वेनगरला जागोजागी रिडेव्हलपमेंट चालू आहे, तिथली कुटुंबं दोन-तीन वर्षं घर धरतात आणि भाडं बिल्डर देतो. मालकाला असा भाडेकरू मिळत असताना आपल्यासारखा मधल्या काळाचा पाहुणा त्याला नकोसाच असतो. ते लपवू नका. घर शोधतोय हे आधीच सांगा, भाडं थोडं जास्त द्या आणि त्या बदल्यात लॉक-इन तीन महिन्यांवर आणून नोटीस एका महिन्याची करून घ्या. खोकी मात्र सगळी उघडू नका. पुस्तकं, जास्तीची भांडी, गणपतीची आरास आमच्याकडे बांधलेलीच राहिली आणि दुसऱ्या वेळी टेम्पो भरायला निम्मा वेळ लागला.

घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल किंवा मुलाची दहावी असेल तर जुन्या घरात थांबणंच शहाणपणाचं ठरू शकतं, त्याला माझी ना नाही. मग ताब्याची तारीख आणि राखून ठेवलेली रक्कम यांच्याबरोबर आणखी एक ओळ करारात घाला: घर बघायला, मापं घ्यायला यायचं ते आदल्या दिवशी फोन करून, आणि महिन्यातून एकदाच.